सोबत की ऐवजी? कॅन्सरच्या दवाखान्यात पूरक उपचार कसे आले



आजचा विषय आमच्या गटाच्या मासिक बैठकीतून निघाला. मागच्या वर्षीची गोष्ट. बचत जमा झाली, हप्ते वसूल झाले, आणि सचिव ताईंनी विचारलं, "कर्जाची मागणी कुणाची आहे?" मागे बसलेल्या एका काकूंनी हात वर केला. मागणी होती १३,५०० रुपयांची. कारण विचारलं तर काकू गप्प. शेवटी त्यांच्या जावेने सांगितलं की शेजारच्या तालुक्यात एक माणूस गाठ विरघळवायची पुडी देतो. महिन्याला साडेचार हजार, तीन महिन्यांचा कोर्स.

काकूंना स्तनाचा कॅन्सर होता. ऑपरेशन झालेलं. केमोच्या आठ खेपा सांगितल्या होत्या, त्यातल्या दोन झाल्या होत्या. केस गेले होते, तोंड आलं होतं, अन्नाचा वास सहन होत नव्हता. योजनेतून केमो मोफत होती, पण जिल्ह्याच्या गावाला एसटीने जायचं, सोबत कुणाला न्यायचं, त्या दिवशी दोघांची मजुरी बुडवायची, हा खर्च कुठल्याच योजनेत बसत नव्हता. आणि पुडीवाल्याची अट अशी की पुडी सुरू केली की केमो बंद करायची.

गटात दोन तट पडले. कुणी म्हणालं, पैसे तिचे, शरीर तिचं, आपण अडवणारे कोण? कुणी म्हणालं, डॉक्टर सोडून गटाने पुडीला कर्ज द्यायचं का? त्या दिवशी ठराव झाला नाही. आठ दिवसांनी पुन्हा बसायचं ठरलं. मधल्या दिवसांत आम्ही चौघीजणी वाचायला बसलो. आमच्यातल्या एकीने बी.ए.ला इतिहास घेतला होता, ती म्हणाली, हा प्रश्न आपल्या गावातच पहिल्यांदा उभा राहिला असेल असं नाही, आधी कुणी तरी यातून गेलं असेल. आणि खरंच, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी इंग्लंड-अमेरिकेतल्या बायका याच प्रश्नातून गेल्या होत्या. त्यांची ती हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ. एक पूरक आणि दुसरा पर्यायी. पूरक हा शब्द आपल्याला अंगणवाडीमुळे पाठ आहे. सहा महिन्यांनंतर बाळाला पूरक आहार द्यायचा, म्हणजे आईचं दूध चालू ठेवून त्याच्या जोडीला मऊ भात, वरण, खिचडी द्यायची. दूध तोडून नव्हे. उपचारांचंही तसंच आहे. ऑपरेशन, केमो, किरणांचे उपचार चालू ठेवून त्यांच्या जोडीला जे करायचं, ते पूरक. ते सगळं सोडून त्यांच्या जागी जे करायचं, ते पर्यायी. एक 'सोबत' आणि एक 'ऐवजी'. ऐकायला सोपं वाटतं, पण हा फरक जगाला कळायला फार वर्षं लागली आणि त्याची किंमत बायकांनी मोजली.

मुळात माणसं दवाखाना सोडून दुसरीकडे का वळली? त्यांना अडाणी म्हणून मोकळं होता येणार नाही. विसाव्या शतकाचा मोठा काळ स्तनाच्या कॅन्सरवर एकच मोठी शस्त्रक्रिया होत असे. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सगळं एकदम काढायचं. अमेरिकेत तर १९७० च्या दशकातही बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा काढून लगेच तपासायचा आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकायचा, अशी पद्धत होती. बाई झोपायची तेव्हा आपलं पुढे काय होणार हे तिला माहीत नसे. जागी झाल्यावर पट्टीवर हात ठेवून कळे. रोझ कुशनर नावाच्या पत्रकार बाईंना १९७४ साली कॅन्सर निघाला तेव्हा त्यांनी याला नकार दिला. आधी तपासा, मला सांगा, मग मी ठरवीन, असं त्यांचं म्हणणं. १९७९ साली अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळात त्या स्वतः बसल्या, आणि तपासणी वेगळी व ऑपरेशन वेगळं असावं अशी शिफारस तिथे झाली.

केमोचंही तेच. उलटी थांबवणारी आजची चांगली औषधं १९९० च्या सुमाराला आली. त्याआधी केमो म्हणजे बादली उशाशी घेऊन काढलेले दिवस. दवाखाना गाठीवर उपचार करत होता, पण गाठ ज्या बाईला आहे तिची भीती, तिची झोप, तिची भूक, तिचा संसार याकडे बघायला तिथे कुणी नव्हतं. मग जो कुणी दहा मिनिटं शांत बसून ऐकून घेईल, त्याच्याकडे माणूस जाणारच. आमच्या काकूंनी नंतर हेच सांगितलं. म्हणाल्या, "पुडीवाल्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि लेकरं किती ते विचारलं."

या पोकळीत चांगले लोकही शिरले आणि वाईटही. १९७० च्या दशकात अमेरिकेत लेट्रिल नावाचं औषध फार गाजलं. जर्दाळूच्या बीमध्ये असणाऱ्या एका द्रव्यापासून ते बनवत. नैसर्गिक आहे, डॉक्टर लोक दाबून ठेवतात, असा प्रचार झाला. लोकांचा रेटा एवढा वाढला की वीसहून अधिक राज्यांनी त्याला कायद्याने वाट करून दिली. अखेर मेयो क्लिनिक आणि इतर कॅन्सर केंद्रांनी १७८ रुग्णांना ते औषध देऊन पाहिलं. १९८२ साली निकाल आला की गाठ कमी झाली नाही, आयुष्य वाढलं नाही, त्रासही कमी झाला नाही. उलट काहींच्या रक्तात सायनाइडचं प्रमाण विषबाधेच्या जवळ पोचलं होतं. झाडातून आलं म्हणजे निर्धोक, हा समज तिथे उघडा पडला.

आता त्याच काळातली दुसरी गोष्ट, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातली. पेनी ब्रॉन या बाई सुया टोचून उपचार करण्याची चिनी पद्धत, म्हणजे ॲक्युपंक्चर, शिकलेल्या होत्या. १९७९ साली त्यांना स्तनाचा कॅन्सर निघाला. इंग्लंडमध्ये जे समोर ठेवलं गेलं त्यावर त्यांचं समाधान झालं नाही आणि त्या जर्मनीतल्या एका दवाखान्यात गेल्या. तिथे त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला औषधाइतकीच गरज आहे ती मनाच्या आधाराची, कुणाशी तरी बोलण्याची. पॅट पिल्किंग्टन ही त्यांची मैत्रीण. या दोघींनी मिळून १९८० साली ब्रिस्टल कॅन्सर हेल्प सेंटर सुरू केलं. ॲलेक फोर्ब्स हे डॉक्टर त्यांच्यासोबत आले. ध्यान, विश्रांती, समुपदेशन, आणि खाण्याचं कडक पथ्य असा तिथला कार्यक्रम. मांस नाही, दूध नाही, कच्च्या भाज्या आणि रस. १९८३ साली केंद्राच्या नव्या वास्तूचं उद्घाटन राजपुत्र चार्ल्स यांच्या हस्ते झालं, बीबीसीने त्यावर मालिका दाखवली, आणि देशभरातून बायका तिथे येऊ लागल्या.

यातल्या बहुतेक जणी दवाखान्याचे उपचारही घेत होत्या. पण डॉक्टर मंडळींच्या मनात शंका होती की याचा खरंच उपयोग होतो का. केंद्रालाही वाटलं की होऊन जाऊ दे तपासणी. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चच्या संशोधकांनी काम हाती घेतलं. ब्रिस्टलला आलेल्या ३३४ बायका एका बाजूला, आणि तिथे न गेलेल्या, नेहमीच्या दवाखान्यांतल्या ४६१ बायका दुसऱ्या बाजूला. ब्रिस्टलच्या बायकांनी विश्वासाने फॉर्म भरून दिले. आपल्या अनुभवाचा पुढच्या बायकांना उपयोग होईल, एवढीच त्यांची भावना.

सप्टेंबर १९९० मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय पत्रिकेत निकाल छापून आला. ब्रिस्टलला येताना ज्यांचा आजार शरीरात इतरत्र पसरलेला नव्हता, त्यांच्यात तो पसरण्याचं प्रमाण इतर बायकांच्या जवळजवळ तिप्पट दिसलं. ज्यांचा आजार आधीच परत आलेला होता, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जवळजवळ दुप्पट. पत्रकार परिषद झाली, टीव्हीवर बातमी आली, वर्तमानपत्रांनी मथळे दिले. ज्या बायकांनी फॉर्म भरले होते, त्यांच्यातल्या अनेकींना हा निकाल टीव्हीच्या बातम्यांतून कळला. मैत्रिणींनो, विचार करा. तुम्ही घरी चहा करताय आणि टीव्हीवरचा माणूस सांगतोय की तुम्ही जिथे आधारासाठी गेलात, तिथे गेल्यामुळे तुम्ही लवकर मरणार आहात. केंद्राकडे येणाऱ्यांची संख्या एकदम घटली. केंद्र बंद पडायच्या बेताला आलं.

पण त्या आकड्यांत एक खोट होती. ती आपल्याला आपल्या गटांच्या भाषेत चटकन समजेल. समजा एक गट कोरडवाहू गावातला आहे आणि दुसरा कॅनॉलच्या पाण्यावरच्या गावातला. वर्षाच्या शेवटी कोरडवाहू गटाची थकबाकी जास्त निघाली. तेवढ्यावरून कुणी म्हणालं की त्या गटाच्या सचिवाचा कारभार वाईट आहे, तर आपण मान्य करू का? आधी विचारू की दोन्ही गावं सारखी होती का. ब्रिस्टलचं तसंच झालं. शहर सोडून, पैसे खर्च करून, लांबवरच्या केंद्रात कोण जातं? जिचा आजार जास्त आहे, जिला भीती जास्त आहे, ती जाते. दोन्ही बाजूंच्या बायका सुरुवातीलाच सारख्या नव्हत्या. ही टीका इतक्या ठिकाणांहून आली की दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर १९९० मध्ये, संशोधकांनी त्याच पत्रिकेत लिहून कबूल केलं की हा फरक बहुधा ब्रिस्टलला येणाऱ्या बायकांचा आजार मुळातच जास्त गंभीर असल्यामुळे दिसला असावा. मात्र पहिली बातमी जेवढी मोठी झाली होती, तेवढी ही दुरुस्ती कुणी मोठी केली नाही.

इथे त्या बायकांनी जे केलं ते आम्हाला फार मोलाचं वाटतं. त्या एकत्र आल्या. त्यांनी आपला आधारगट बांधला. हेदर गुडेअर या त्यांच्यातल्या पुढाकार घेणाऱ्या बाई. ज्यांच्या पैशांवर हे संशोधन झालं होतं त्या दोन मोठ्या कॅन्सर संस्थांविरुद्ध त्यांनी धर्मादाय आयोगाकडे तक्रार नेली. आपल्याकडे धर्मादाय आयुक्त असतात, तसं ते कार्यालय. यातल्या कित्येक जणींचा आजार चालू होता, काही जणी या लढाईच्या मधेच गेल्या. १९९४ साली आयोगाचा निकाल आला आणि त्या दोन्ही संस्थांवर देखरेखीत कसूर केल्याचा ठपका ठेवला गेला. आमची माहिती घेतलीत तर हिशेब आम्हाला आधी द्या, असं रुग्ण बायकांनी सांगितलं आणि ते ऐकून घ्यावं लागलं.

पण आम्ही ही गोष्ट अर्धी सांगणार नाही. संशोधन चुकलं याचा अर्थ ब्रिस्टलमुळे आयुष्य वाढतं हे सिद्ध झालं, असा होत नाही. ते कधीच सिद्ध झालं नाही. पुढे केंद्रानेही कडक पथ्य सैल केलं आणि आपलं काम दवाखान्याच्या उपचारांच्या जोडीला आधार देण्याचं आहे, यावर भर दिला. १९९९ साली पेनी ब्रॉन गेल्या, आजार कळल्यानंतर वीस वर्षांनी. केंद्राला पुढे त्यांचंच नाव देण्यात आलं.

आता तुमच्या मनात येईल की एकत्र बसून बोलण्याने आयुष्य वाढतं का? आपण गट चालवणाऱ्या बायका, आपल्याला याचं उत्तर हवंच. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी हाच प्रश्न घेतला. आजार शरीरात पसरलेल्या, स्तनाच्या कॅन्सरच्या ८६ बायका. त्यातल्या काही जणी वर्षभर दर आठवड्याला गटात बसल्या, बोलल्या, रडल्या, वेदना सहन करायच्या युक्त्या शिकल्या. १९८९ साली निकाल आला. गटात बसलेल्या बायका सरासरी सुमारे ३७ महिने जगल्या, न बसलेल्या सुमारे १९ महिने. जगभर आनंद झाला.

पण एकाच वर्षाच्या पावसावरून कुणी पीक ठरवत नाही. कॅनडात २३५ बायकांवर तोच प्रयोग पुन्हा झाला, २००१ साली निकाल आला. गटामुळे आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. स्पीगल यांनी स्वतः प्रयोग पुन्हा करून पाहिला, २००७ साली छापला, आणि आपला पहिला निकाल पुन्हा मिळाला नाही हे प्रामाणिकपणे सांगितलं. मग गट वाया गेले का? नाही. कॅनडातल्या त्या अभ्यासात गटात बसलेल्या बायकांचं मन हलकं झालं, वेदना कमी जाणवल्या, आणि ज्या आधी जास्त खचलेल्या होत्या त्यांना जास्त फायदा झाला. आम्हाला हे वाचून आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं. बरं अशासाठी की आजार परत आला तर 'तू मन खंबीर ठेवलं नाहीस' असा दोष त्या बाईला देता येणार नाही. गट आयुष्याचे महिने वाढवत नसेल, पण आहेत त्या महिन्यांतला दुखण्याचा भार वाटून घेतो. आपल्या गटाचं काम तेवढं असलं तरी पुष्कळ आहे.

या सगळ्या ठेचा खाऊन दवाखान्यांनी हळूहळू दार उघडलं. १९९९ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या जुन्या कॅन्सर रुग्णालयात पूरक उपचारांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्याच्या प्रमुख होत्या बॅरी कॅसिलेथ या बाई. लेट्रिलसारख्या फसव्या उपचारांवर त्या आयुष्यभर कडक बोलल्या, आणि मालिश, ॲक्युपंक्चर, संगीत, ध्यान यांना त्यांनी मोठ्या रुग्णालयात जागा दिली. त्यांचा नियम साधा होता. गाठीसाठी दवाखान्याचं औषध, त्रासासाठी हे उपाय, आणि प्रत्येक उपाय आधी तपासून. २००३ साली अशा कामातल्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली. २०२२ आणि २०२३ साली या संघटनेने अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनेबरोबर मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या. स्तनाच्या कॅन्सरच्या काही गोळ्यांनी सांधे दुखतात, त्यासाठी ॲक्युपंक्चर. चिंता आणि उदासी यांसाठी मन एका जागी आणण्याचं ध्यान. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या चिंतेसाठी योग. यातला एकही उपाय गाठ घालवण्यासाठी सांगितलेला नाही, हे लक्षात ठेवा.

आणि 'ऐवजी'चं काय झालं, तेही आकड्यांत आलं. अमेरिकेतल्या नोंदी पाहून २०१८ साली छापलेला अभ्यास सांगतो की आजार शरीरात पसरण्याआधीच ज्यांनी दवाखान्याचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले, त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट होता. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो पाच पटींहून जास्त. त्याच संशोधकांचा त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास तर आपल्याला जास्त सावध करणारा आहे. ज्यांनी दवाखान्याचा एखादा तरी उपचार घेतला आणि जोडीला दुसरंही काही घेतलं, त्यांच्यातही धोका दुप्पट दिसला. कारण यातल्या बऱ्याच जणांनी ऑपरेशन करून घेतलं पण केमो नाकारली, किंवा किरणोपचार नाकारले. म्हणजे 'सोबत' म्हणता म्हणता 'ऐवजी' होऊन गेलं. आमच्या काकू नेमक्या याच वळणावर उभ्या होत्या.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. त्यांच्या मागे टाटांच्या ट्रस्टने मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभं केलं, ते २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. आपल्यातल्या कित्येक घरांतून कुणी ना कुणी तिथल्या पायऱ्या चढलेलं आहे. याच टाटा रुग्णालयात स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० स्त्रियांवर योगाचा अभ्यास झाला. अर्ध्या जणींना उपचार चालू असताना नेहमीचा व्यायाम, आणि अर्ध्या जणींना त्याच्या जोडीला योग. कोण कुठल्या बाजूला जाणार हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलेलं, म्हणजे ब्रिस्टलची चूक इथे टाळलेली. डॉ. नीता नायर यांनी हा अभ्यास डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या परिषदेत मांडला. योग करणाऱ्या बायकांत आजार परतण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण तुलनेने १५ टक्क्यांनी कमी दिसल्याचं जाहीर झालं. थकवा आणि वेदनाही कमी. आनंदाची गोष्ट आहे, पण स्पीगल यांची गोष्ट आपण आत्ताच ऐकली. असे अभ्यास आणखी व्हावेत, मग आयुष्याबद्दल बोलू. थकव्यासाठी मात्र आजच करायला हरकत नाही, आपल्या डॉक्टरांना विचारून.

आणि अंगणातली सदाफुली? काकूंच्या जावेने तोही प्रश्न विचारला होता, की सदाफुलीपासून कॅन्सरचं औषध बनतं ना, मग पानं उकळून का देऊ नयेत? बनतं, हे खरं आहे. कॅनडातले संशोधक १९५० च्या दशकात सदाफुलीची पानं साखरेच्या आजारासाठी तपासत होते. साखर काही उतरली नाही, पण प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यावरून त्यांनी १९५८ साली व्हिनब्लास्टिन हे औषध वेगळं काढलं. पाठोपाठ व्हिनक्रिस्टिन आलं, जे आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरतात. ढीगभर पानांतून चिमूटभर औषध निघतं, आणि ते मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात. काढ्यात किती उतरलं ते कोण मोजणार? केमोने आधीच पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, त्यात या काढ्याची भर नको.

आता आमच्या बैठकीचं काय झालं ते सांगते सांगते म्हणून राहूनच जाईल.

आठ दिवसांनी गट पुन्हा बसला. आम्ही हे सगळं काकूंना एका दमात ऐकवलं नाही. एवढंच विचारलं, "पुडीचं डॉक्टरांना सांगितलं का?" काकू म्हणाल्या, "ओरडतील म्हणून नाही सांगितलं." मग आमच्यातल्या दोघी त्यांच्यासोबत दवाखान्यात गेल्या, पुडी घेऊन. डॉक्टर मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, यात काय आहे? पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, काहीच छापलेलं नाही. त्या म्हणाल्या, अशा काही पुड्यांत शिसं आणि पारा सापडलेला आहे. केमोचं औषध लिव्हरमधून जातं, त्यावर आणखी कशाचा बोजा पडतोय हे माहीत नसताना मी केमो कशी देऊ? आणि मग त्यांनी पहिल्यांदाच विचारलं की उलट्या किती होतात, झोप येते का. उलटीचं औषध बदलून दिलं. श्वासाचे व्यायाम आणि रोज थोडं चालणं सुरू ठेवायला सांगितलं.

गटाने ठराव केला. पुडीसाठी कर्ज नाही. केमोच्या उरलेल्या सहा खेपांसाठी, एसटीचं भाडं आणि सोबतीची बुडालेली मजुरी धरून, बिनव्याजी कर्ज. आणि प्रत्येक खेपेला गटातली एक जण सोबत जाणार. काकूंना हे लगेच पटलं असं नाही. पहिल्या दोन खेपांना त्या आमच्याशी धड बोलल्याही नाहीत. पण त्या गेल्या आणि सहाही खेपा पुऱ्या झाल्या. आता तपासणीला जातात. पुढे काय होईल हे आम्ही कोण सांगणार? पण उपचार अर्ध्यावर सुटला नाही. ही गोष्ट नाव न घेता सांगायची परवानगी त्यांनीच दिली आहे.

त्यानंतर आम्ही गटाच्या वहीच्या मागच्या पानावर चार प्रश्न लिहून ठेवले. कुणी आजारासाठी नवीन उपाय सुचवला की ते विचारायचे. हा उपाय सोबत घ्यायचा की ऐवजी? यात काय आहे ते लिहून देतात का? गाठीसाठी सांगतात की त्रासासाठी? आणि आपल्या डॉक्टरांना हे माहीत आहे का? पहिल्याच प्रश्नाला जो 'ऐवजी' म्हणेल, त्याच्याकडे पुढचे तीन विचारत बसायची गरज नाही.

आणि डॉक्टर मंडळी हा कार्यक्रम ऐकत असतील तर त्यांना एक विनंती. पेशंटने दुसरं काही घेतलं असेल तर तिला ओरडू नका, आधी विचारा. ती लपवते ती तुमच्या ओरडण्याला भिऊन. आणि तिला खुर्ची द्या. पुडीवाला देतो.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात असं कुणी असेल तर तिच्यासोबत जा. स्तनात गाठ लागली, बोंडातून स्राव आला, कातडी आत ओढली गेली तर दिवस घालवू नका, आशाताईंना सांगा, दवाखाना गाठा.